शिकाऊ उमेदवार आणि गांवचें दप्तर

ग्रामपंचायत, पंचायत समिति, नगरपरिषद किंवा महानगरपालिका ह्यांपैकीं एखाद्या कचेरींत वीस-बावीस वर्षांची एखादी तरुणी अगर तरुण हातांत रुजू होण्याचें पत्र घेऊन प्रथमच पाऊल टाकतो, हा प्रसंग दिसावयास अगदीं लहान आहे. त्याची वार्ता कोणी छापीत नाहीं. साहेब पत्रावर सही करितात, शिपाई कोपऱ्यांतील एक खुर्ची दाखवितो, आणि शेजारच्या मेजावरील भाऊसाहेब चष्म्यावरून पाहून म्हणतात, "बस बाळ, काम निघालं की सांगतो." पुढें काम निघतें तें बहुधा झेरॉक्सचें, टपाल पोंचविण्याचें किंवा चहा सांगून येण्याचें. मुदत संपते, प्रमाणपत्र मिळतें, आणि ज्या दारानें उमेदवार आंत आला त्याच दारानें, कारभाराविषयीं होता तितकाच अजाण राहून, तो बाहेर पडतो. आज आम्हांस ह्याच लहान प्रसंगाविषयीं वाचकांशीं कांहीं बोलावयाचें आहे. लोकांचा कारभार लोकांच्या हातीं कितपत आला आहे, ह्याची परीक्षा विधिमंडळाच्या दालनापेक्षां ह्या कोपऱ्यांतील खुर्चीपाशीं अधिक खरी होते, असें आमचें मत आहे.

उमेदवार ह्या शब्दाचा मूळ अर्थ उमेद धरून बसलेला मनुष्य. आज आपण तो शब्द निवडणुकीस उभ्या राहणाऱ्या गृहस्थास लावितों. परंतु इंग्रजी अमदानींत, जागा मोकळी होण्याची वाट पाहत, पगारावांचून कारकुनाच्या हाताखालीं नकला करीत बसणाऱ्या तरुणास उमेदवार म्हणत असत. ही उमेदवारी एक प्रकारची शाळाच होती. टिपण कसें लिहावें, कोणता कागद कोणत्या रुमालांत बांधावा, वरिष्ठांपुढें प्रकरण कसें मांडावें, ही सर्व विद्या तेथें पाहून पाहून शिकावयाची. शाळा चांगली होती, परंतु तिचें दार फार अरुंद होतें. ज्याच्या घरीं दोन वेळची भाकरी निश्चित असे तोच बिनपगारी वर्षें काढूं शकत असे. आणि ज्याचा मामा किंवा चुलता अगोदरच आंत बसलेला असे त्यालाच बहुधा बसावयास जागा मिळे. मुलींचा तर प्रश्नच नव्हता. परिणाम असा झाला कीं, लिहिणें-वाचणें शाळांमधून थोडेंबहुत पसरलें तरी दप्तराची विद्या कांहीं ठराविक घरांच्या उंबरठ्याबाहेर सहसा गेली नाहीं.

ह्या मक्त्याचें मोल कोणास द्यावें लागलें, हें जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं पुऱ्या केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' ह्या पुस्तकांत सांगून ठेविलें आहे. अक्षरशून्य शेतकरी कचेरींत गेला म्हणजे आपला आंगठा कोणत्या मजकुराखालीं उठतो हें त्यास कळत नसे. आणि जें आपणांस कळत नाहीं त्याची किंमत, ज्यास कळतें तो सांगेल ती मोजावी लागते. फुले हे १८७६ पासून कांहीं वर्षें पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद होते. तेव्हां कचेऱ्यांविषयींचें त्यांचें बोलणें ऐकीव नव्हतें. पुढें कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं १९०२ सालीं सरकारी नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेविल्या; आणि १९१८ सालीं वंशपरंपरागत कुलकर्णी वतन बंद करून त्या जागीं पगारी तलाठी नेमण्याचा क्रम सुरू केला. गांवचें दप्तर एका घराच्या माजघरांतून निघून, शिकून तयार झालेल्या कोणाही मनुष्याच्या हातीं जाऊं शकतें, हा ह्या सुधारणेचा गाभा होय. वतनें गेलीं हें खरें. परंतु विद्या शिकविण्याची सोय जोंवर होत नाहीं तोंवर वतन कायद्यानें जाऊनही संवयीनें राहतें, ही गोष्ट आपण विसरतां कामा नये.

स्थानिक स्वराज्य ह्या कल्पनेच्या जन्मापासूनच तिच्यांत शिक्षणाचा हेतु आहे. १८८२ सालच्या ठरावांत लॉर्ड रिपन यांनीं असें स्पष्ट म्हटलें होतें कीं, कारभार लगेच अधिक चांगला चालेल ह्या आशेनें नव्हे, तर मुख्यतः लोकांस राजकीय व सार्वजनिक शिक्षण मिळावें म्हणून ह्या संस्था वाढवावयाच्या आहेत. त्यानंतर पुष्कळ पाणी वाहून गेलें. १९५८ सालीं मुंबई ग्रामपंचायत अधिनियम झाला. १ मे १९६२ रोजीं महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा अस्तित्वांत आल्या. १९९३ सालीं अंमलांत आलेल्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनीं ग्रामीण संस्थांकडे सोंपवितां येतील असे २९ आणि शहरी संस्थांकडे सोंपवितां येतील असे १८ विषय घटनेच्या परिशिष्टांत लिहिले गेले. आणि २०११ सालीं महाराष्ट्रानें ह्या संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठीं राखून ठेविल्या. अधिकार देण्याच्या दिशेनें हीं पाउलें मोठीं आहेत. परंतु सरपंचपदाच्या खुर्चीवर बसलेल्या भगिनीपुढें रोकडवही उघडून ठेवली असतां तिला ती वाचून दाखविणारा विश्वासू मनुष्य गांवांतच तयार नसेल, तर तिची सही तिचा अधिकार न होतां दुसऱ्या कोणाच्या तरी अधिकाराचा शिक्का होऊन बसते. दप्तर वाचतां येणारीं माणसें गांवोगांव वाढविणें हें म्हणूनच स्थानिक स्वराज्याचें अपुरें राहिलेलें काम आहे; आणि शिकाऊ उमेदवारी हें त्या कामाचें सर्वांत स्वस्त व सर्वांत सोपें साधन आहे.

हें साधन आज आपल्यापाशीं मुळींच नाहीं असें नाहीं. १९६१ सालच्या शिकाऊ उमेदवार कायद्यानें उमेदवारीस विद्यावेतन, करार, मुदत व शेवटीं परीक्षा अशी शिस्त लाविली. प्रारंभीं तो कायदा मुख्यतः कारखान्यांतील धंद्यांपुरता होता. २०१४ सालच्या दुरुस्तीनें त्याची कक्षा अभियांत्रिकी न शिकलेल्या पदवीधरांपर्यंत वाढली. त्याहून जवळचें उदाहरण म्हणजे महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं काढलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. तिच्या अन्वयें १८ ते ३५ वर्षें वयाच्या तरुणांस खासगी उद्योगांबरोबरच सरकारी व निमसरकारी कचेऱ्यांतही कामाचा अनुभव मिळावयाचा होता. बारावी उत्तीर्ण झालेल्यास दरमहा ६,००० रुपये, आय. टी. आय. अगर पदविका घेतलेल्यास ८,००० रुपये व पदवीधरास १०,००० रुपये असें विद्यावेतन ठरलें. प्रारंभीं मुदत सहा महिन्यांची होती. २०२५ सालीं ती एकूण अकरा महिन्यांपर्यंत वाढविण्यांत आली. ह्या योजनेनें जुन्या उमेदवारीचा एक मोठा दोष दूर केला, हें मोकळ्या मनानें मान्य केलें पाहिजे. मजुराच्या घरची मुलगीही आतां उपाशी न राहतां कचेरींत शिकूं शकते.

परंतु दुसरा एक दोष तसाच राहिला, आणि तो अधिक खोल आहे. विद्यावेतन कोणास किती द्यावें हें ठरविलें गेलें. त्याच्या मोबदल्यांत कचेरीनें उमेदवारास काय शिकवावें, हें मात्र बहुतेक ठिकाणीं त्या त्या कचेरीच्या मर्जीवर राहिलें. जेथें रिकाम्या जागा भरलेल्या नाहींत, तेथें हे तरुण रिकाम्या जागेवरचे स्वस्त हात म्हणून वापरले गेले. जेथें काम कमी तेथें ते हजेरीपुरते बसून राहिले. मुदत संपल्यावर आम्हांस कायम करा अशी मागणी घेऊन ह्यांतील पुष्कळ तरुण रस्त्यावर आले, तेव्हां कित्येकांनीं त्यांस कृतघ्न ठरविलें. आम्हांस तसें वाटत नाहीं. शिकाऊ उमेदवारानें नोकरीचा हक्क सांगूं नये हें कायद्याच्या दृष्टीनें बरोबर असेल. १९६१ चा कायदा तर स्पष्टच सांगतो कीं, शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, शिकणारा आहे, आणि करारांत तशी अट नसल्यास मुदतीनंतर त्यास नोकरी देण्याचें बंधन मालकावर नाहीं. पण मग त्याच न्यायानें त्याच्याकडून नुसतें काम करून घेऊं नये, त्यास शिकविलें पाहिजे. कामाच्या वेळीं त्यास कारकून समजावयाचें आणि हिशेबाच्या वेळीं विद्यार्थी ठरवावयाचें, हा व्यवहार सरळ नव्हे. ज्यास शिकण्याचें समाधान मिळालें नाहीं तो नोकरीचें आश्वासन मागणारच.

आतां कोणी म्हणेल कीं, कारकुनीच्या कामांत शिकण्यासारखें असें काय आहे? ह्या प्रश्नांतच आपल्या सुशिक्षित वर्गाचा अहंकार दिसून येतो. जन्ममृत्यूच्या नोंदीचेंच उदाहरण घेऊं. जन्माची खबर २१ दिवसांच्या आंत द्यावयाची, ती त्यानंतर आली तर विलंब शुल्क, आणि एक वर्ष उलटून गेल्यास दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावांचून नोंद नाहीं, असा १९६९ च्या कायद्याचा क्रम आहे. २०२३ सालच्या दुरुस्तीनें तर १ ऑक्टोबर २०२३ रोजीं वा त्यानंतर जन्मलेल्या मुलासाठीं शाळाप्रवेश, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नेमणूक इत्यादि कामीं हाच दाखला जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा ठरविला आहे. ऊसतोडीस गेलेल्या जोडप्याचें मूल परगांवीं जन्मलें, खबर कोठें द्यावी हें कोणी सांगितलें नाहीं, आणि वर्ष निघून गेलें, तर त्या मुलाच्या आयुष्याच्या पहिल्याच पानावर हेलपाटे लिहिले जातात. आईच्या नांवांतील एक काना चुकला तरी तीच गत. जी उमेदवार मुलगी ही वही भरावयास शिकते ती नुसती अक्षरें काढीत नाहीं. एका नागरिकास कायद्याच्या दृष्टीनें जन्म देण्याच्या कामांत तिचा हात लागतो. हें तिला पहिल्या दिवशीं कोणी सांगितलें, तर त्या वहीकडे ती कंटाळ्यानें पाहील काय?

तीच गोष्ट नमुना आठची. गांवांतील प्रत्येक घराची कर-आकारणी ह्या नोंदवहींत असते; मागणी व वसुली नमुना नऊमध्यें. ग्रामपंचायतीच्या लेखासंहितेंत असे ३३ नमुने आहेत, आणि ते सर्व वाचतां येणें म्हणजे गांवाची नाडी पाहतां येणें होय. कराचा पैसा कोणाकडून आला, कोणाकडून वर्षानुवर्षें आला नाहीं, आणि आलेला कोठें गेला, हें ह्या वह्या न बोलतां सांगतात. शहरांतील वा तालुक्याच्या कचेरींत उमेदवारास आवक-जावक नोंदवही, कार्यविवरण नोंदवही आणि सहा गठ्ठ्यांची पद्धत शिकविली पाहिजे. प्रलंबित प्रकरणें, प्रतीक्षाधीन प्रकरणें, नियतकालिक विवरणें, स्थायी आदेश, अभिलेख कक्षांत पाठवावयाचीं प्रकरणें आणि नाश करावयाचे कागद, असे हे सहा गठ्ठे. पद्धत साधी आहे. पण जेथें ती पाळली जाते तेथें आलेल्या मनुष्यास त्याचा कागद घटकाभरांत सांपडतो, आणि जेथें पाळली जात नाहीं तेथें "पुढल्या आठवड्यात या" हेंच उत्तर कायमचें होऊन बसतें.

ह्या उत्तराचा जाच कोणास होतो, हें उमेदवारानें डोळे उघडे ठेवून पाहावें. एखादी वृद्ध बाई कचेरीच्या दारांत येऊन विचारते, "बाळा, मालक जाऊन दोन वर्षं झाली, घर माझ्या नावावर कधी व्हायचं?" अशा वेळीं "आजी, साहेब नाहीत" असें म्हणून मोकळें होणें फार सोपें. "आजी, बसा. अर्ज कधी दिला होता? पोंच आहे का?" एवढें विचारून नोंदवही उघडणें अवघड नाहीं, पण तें शिकवावें लागतें. २०१५ सालच्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमानें अधिसूचित सेवांसाठीं अर्जाची पोंच, ठराविक मुदत व अपिलाची सोय दिली आहे, आणि सबळ कारणावांचून कुचराई करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. कायदा पुस्तकांत आहे. तो त्या आजीपर्यंत पोंचविणारा मनुष्य मेजापाशीं हवा, आणि तो मनुष्य तयार करण्याची वेळ उमेदवारीचीच होय.

कागदावरचा ठराव आणि प्रत्यक्ष अंमल ह्यांमध्यें किती अंतर असूं शकतें, ह्याचा सर्वांत मोठा धडा महाडनें आपणांस दिलेला आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळानें १९२३ सालीं संमत केला. तदनुसार महाडच्या म्युनिसिपालिटीनें १९२४ सालीं चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरांत राहिला आणि सवर्णांच्या विरोधापुढें तळें बंदच राहिलें. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं सहस्रावधि बांधवांसह त्या तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें, तेव्हां त्या ठरावास अर्थ आला. आणि त्याच वर्षीं ऑगस्टांत म्युनिसिपालिटीनें तो ठराव रद्दही करून टाकिला. पुढें १९३७ सालीं उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्य मानलेल्या पक्षाच्या बाजूनें लागेपर्यंत न्याय दारांत तिष्ठत उभा होता. आमच्या तरुण उमेदवारानें आपल्या कचेरींतील ठरावांची वही हातीं घ्यावी, मागील वर्षांचे ठराव वाचावे, आणि प्रत्येकापुढें एकच प्रश्न मनाशीं लिहावा, कीं ह्याचें पुढें काय झालें? स्मशानभूमीचा रस्ता, वस्तीवरचा नळ, शाळेंतील मुलींचें शौचालय, ह्यांपैकीं किती ठराव अजून दप्तरांतच पाणी पीत आहेत, हें त्यास आठवड्याभरांत कळून येईल. एवढें कळलें तरी त्याची उमेदवारी वायां गेली असें आम्ही म्हणणार नाहीं.

तेव्हां करावें काय? आमच्या सूचना साध्या आहेत व त्यांस फारसा खर्च नाहीं. पहिली, प्रत्येक उमेदवारास नांवानिशीं एक मार्गदर्शक कारकून नेमून द्यावा, आणि शिकविण्याचें हें काम त्या कारकुनाच्या वार्षिक गोपनीय अहवालांत त्याच्या श्रेयास लिहावें. कारण ज्या कामाचें श्रेय नाहीं तें कोणी मनापासून करीत नाहीं. दुसरी, उमेदवारास एकाच मेजापाशीं खिळवून न ठेवितां आवक-जावक, कर, जन्ममृत्यु, बांधकाम, लेखा अशा मेजांवरून ठराविक क्रमानें फिरवावें. तिसरी, त्यानें रोज काय पाहिलें व काय समजलें नाहीं ह्याची दैनंदिनी ठेवावी आणि ती आठवड्यांतून एकदां कोणीतरी वाचावी. चौथी, मुदतीअखेर त्याची तोंडी व लेखी परीक्षा घ्यावी. पांचवी आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची सूचना ही, कीं भरतीच्या वेळीं ह्या परीक्षेस कांहींतरी वजन असावें. आजच्या स्पर्धापरीक्षांत दूरदूरच्या राजधान्यांचीं नांवें पाठ असणाऱ्यास गुण मिळतात; पण ज्यानें अकरा महिने नमुना आठ भरला, त्याच्या त्या ज्ञानास मोल नसावें, हें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं. वजन देतांना मात्र उमेदवारांची मूळ निवड जाहीर, गुणानुक्रमानें व आरक्षणाचे नियम पाळून झालेली असली पाहिजे. नाहींतर मामा आणि चुलते ह्यांचें जुनें दार नव्या रंगानें पुन्हां उघडेल.

कचेरींतील वडीलधाऱ्यांसही दोन शब्द सांगणें अवश्य आहे. भाऊसाहेब, आपणही एके काळीं ह्याच कोपऱ्यांत बसलां होतां. आपणांस जी विद्या कोणीतरी दिली ती आपली मिळकत नव्हे, ठेव आहे. नवा मुलगा संगणक आपल्याहून झपाट्यानें चालवितो म्हणून त्याचा राग मानूं नये, आणि तो टिपणी लिहितांना अडखळतो म्हणून त्यास हंसूं नये. त्याच्याकडून यंत्र शिकावें, त्यास कागद शिकवावा. असा हा सौदा दोघांच्याही फायद्याचा आहे.

आणि तरुण मित्रांनो व भगिनींनो, तुम्हांसही आमचें सांगणें आहे. झेरॉक्स काढावयास सांगितलें तर जरूर काढा, पण कागद यंत्रावर ठेवण्यापूर्वीं वाचा. न समजलेला शब्द विचारण्याची लाज धरूं नका. आपल्या आईबापांनीं ती लाज धरली म्हणूनच त्यांचे आंगठे फसले. दारांत आलेल्या मनुष्यास अगोदर बसावयास सांगा व मग त्याचें काम विचारा. कोणी कामाबद्दल चहापाण्याचे पैसे पुढें केले तर ते पहिल्याच दिवशीं नाकारा, कारण दुसऱ्या दिवशीं नाकारणें अधिक अवघड असतें. दप्तरांतील गुप्त ठेवावयाचें तें गुप्त ठेवा, आणि जें लोकांचें आहे तें लोकांस सांगण्यास भिऊं नका. मुदत संपेल तेव्हां नोकरी मिळेल कीं नाहीं हें आम्हांस सांगतां येत नाहीं, आणि खोटी आशा लावणें हें आमचें काम नव्हे. परंतु जो तरुण आपल्या गांवचें दप्तर वाचावयास शिकला, तो कचेरीबाहेर गेला तरी ग्रामसभेंत उभा राहून अंदाजपत्रकाच्या कोणत्याही कलमाविषयीं प्रश्न विचारूं शकेल, शेजाऱ्याचा अर्ज नीट लिहून देऊं शकेल, आणि त्याच्या देखत कोणाही आजीचा आंगठा कोऱ्या कागदावर उठणार नाहीं.

वतनाच्या काळीं एका गांवांत असें एखादेंच घर होतें. आजच्या काळीं असें एकही घर दप्तराच्या विद्येवांचून राहूं नये, हा शिकाऊ उमेदवारीचा खरा हेतु असला पाहिजे. कोपऱ्यांतील ती खुर्ची सरकारनें मांडली आहे. तिच्यावर बसणाऱ्यास वही उघडून दाखविण्याचें काम मात्र कोणताही शासननिर्णय करूं शकत नाहीं. तें कचेरींतील माणसांनींच करावयाचें आहे, आणि तें त्यांनीं ह्याच वर्षीं सुरू करावें अशी आमची त्यांस आग्रहाची विनंति आहे.